लाईट गेली तेव्हा टिकलेली वांगी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका महिला गटाने डिसेंबरात दोन खेपांत भाजी साठवली. पहिली खेप नाताळच्या आधीची. त्या आठवड्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज यायची-जायची, रात्रीचे कित्येक तास कोल्ड रूम बंदच असायची. तरी ती भाजी कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांनी विनातक्रार घेतली. दुसरी खेप ३१ डिसेंबरसाठी होती. तोवर नवा ट्रान्सफॉर्मर बसला, मशीन एकदाही थांबलं नाही, आणि नेमकी हीच खेप परत आली. वांग्यांवर तपकिरी खळगे, देठाची टोपी काळपटलेली, भेंडीवर काळे ओरखडे, काकडी बोट दाबलं की पाणी सोडणारी.

गटप्रमुख वहिनींनी फोनवर एवढंच विचारलं, "लाईट नव्हती तेव्हा माल टिकला, लाईट होती तेव्हा गेला. हे कसलं मशीन, सर?"

भाजीच्या काढणीनंतरच्या हाताळणीचं काम मी बरीच वर्षं करतो, आणि इतका नेमका प्रश्न मला क्वचित कुणी विचारला आहे. सगळं प्रकरण त्या एका वाक्यात होतं.

खोली दहा बाय दहा फुटांची, एका दूध-पनीरवाल्याकडून जुनी घेतलेली. थर्मोस्टॅट चार अंशांवर होता, तो तसाच राहिला. चारवर दूध चांगलं राहतं, मग भाजी का राहू नये, असा सरळ हिशेब. आत गटातल्या बायकांच्या मळ्यांतली वांगी होती दोन प्रकारची: एक गोव्यातल्याच आगशी गावच्या वळणाचं मोठं गावठी वांगं, बी घरचंच, आणि दुसरं पाकिटातल्या बियाण्याचं लांबट जांभळं संकरित. शिवाय भेंडी आणि काकडी. हॉटेलांची यादी पुरी करायला चोर्ला घाटातून उतरलेलं बेळगावचं फ्लॉवर, कोबी, गाजरही त्याच खोलीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरची हॉटेलं तीन दिवसांत पंधरवड्याची भाजी मागतात, मळ्यात मात्र तोडा रोजचा थोडा-थोडाच निघतो. म्हणून साठवण.

मी पोचेपर्यंत प्रत्येकाचा आपापला आरोपी ठरलेला होता. हॉटेलच्या खरेदीवाल्याचं म्हणणं, गटाने जुना माल खपवला. गटातल्या दोघींना वाटत होतं की संकरित वांग्यावर मारलेल्या औषधाने साल भाजली. टेम्पोवाला फ्रिजवाल्याकडे बोट दाखवत होता, आणि फ्रिजवाला सांगत होता, "मशीन एक नंबर आहे, हवं तर आणखी दोन अंश खाली नेऊन दाखवतो." त्याचं पहिलं अर्ध वाक्य खरं होतं. दुसरं अर्ध त्याने अमलात आणलं असतं तर उरलेला मालही गेला असता.

परत आलेले क्रेट फेकले नव्हते, हे नशीब. मी आधी शिल्लक फ्लॉवर आणि गाजर पाहिलं. दोन्ही उत्तम. एकाच खोलीत, तेवढेच दिवस. म्हणजे खोलीत कुजवणारं काही असतं तर ते निवडून वांग्यालाच लागलं नसतं. मग वांग्यावरचे खळगे भिंगातून पाहिले. बुरशी होती, पण थोड्याच खळग्यांत, आणि तीही नंतर आलेली. कोरड्या खळग्यांची साल शाबूत होती, तिच्याखालचं मांस मात्र बसलं होतं. चिरल्यावर बिया तपकिरी, बियांभोवतीचा गरही तपकिरी. औषधाने साल जळाली तर आतलं बी काळं पडत नाही. पंख्यासमोर ठेवलेले क्रेट सर्वांत वाईट, दाराजवळचे त्यातल्या त्यात बरे. थर्मामीटर ठेवून पाहिलं तर बाहेरच्या पाटीवर चार दिसत असताना पंख्यासमोर दोन आणि दाराशी सहा.

सगळ्यांत बोलकी गोष्ट वहिनींनीच सांगितली, तीही जाता जाता: टेम्पोत भरताना वांगी चकचकीत होती. खळगे दिसले ते हॉटेलात, दुसऱ्या दिवशी.

थंडीची इजा अशीच वागते. चिलिंग इंज्युरी म्हणतात ती हीच. गोठण्याशी तिचा संबंध नाही. पाण्याचा बर्फ शून्यावर होतो, वांग्याला दहा अंशांच्या खाली काही दिवसांतच इजा सुरू होते. थंडीत असेपर्यंत ती लपून राहते, उबेत आल्यावर पेशींची कामं वेगाने सुरू होतात आणि आतली मोडतोड बाहेर येते. त्यामुळे साठवणाऱ्याला वाटतं आपण चांगला माल दिला, घेणाऱ्याला वाटतं आपल्याला वाईट मिळाला, आणि दोघंही खरं बोलत असतात. गोव्यातल्या भाजीच्या धंद्यातली किती भांडणं या एका दिवसाच्या अंतरामुळे झाली असतील कोण जाणे.

खात्रीसाठी एक घरगुती चाचणी केली. थंडीने पेशीचं पटल, म्हणजे तिच्याभोवतीचा पातळ पडदा, सैल पडलं तर आतले क्षार बाहेर झिरपतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, परत आलेल्या आणि त्याच सकाळी तोडलेल्या वांग्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या कापल्या, कापलेल्या कडा धुऊन वेगवेगळ्या पेल्यांत अर्धा तास ठेवल्या आणि पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. ताज्या वांग्याच्या पाण्यापेक्षा परत आलेल्याच्या पाण्यातला आकडा कितीतरी वर गेला. गाजराच्या चकत्यांत असा फरक पडला नाही. प्रयोगशाळेत हीच चाचणी नीट उपकरणांनी करतात, तत्त्व तेच.

इथवर निदान झालं. पण "वांग्याला थंडी सोसत नाही" एवढ्यावर थांबलं तर वहिनींचा प्रश्न तसाच उरतो. गाजराला सोसते, वांग्याला का नाही? आणि लाईट गेल्यावर का सोसली?

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेते, ऊब सोडते आणि तिच्या प्रत्येक पेशीत तिची सगळी जनुकं शाबूत असतात. थंडी लागली की त्यातली काही चालू होतात, काही बंद. कुठली चालू होऊ शकतात, हे मात्र त्या झाडाच्या कुळाने फार पूर्वी ठरवलेलं असतं. कोबी आणि फ्लॉवरचे पूर्वज युरोपच्या किनाऱ्यांवरचे, गाजराचं मूळ मध्य आशियातलं, अफगाणिस्तानच्या बाजूचं. त्यांनी हिमवर्षाव पाहिला आहे. वांगं आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातलं. पणजीत जानेवारीतली पहाटसुद्धा साधारण १९-२० अंशांची असते. इथे पिढ्यान् पिढ्या घरचं बी राखलेल्या वांग्याला चार अंश म्हणजे काय हे कधी कळलंच नाही, त्यामुळे चार अंशांत तगणारं झाड निवडलं जाण्याचीही वेळ आली नाही.

इजेची सुरुवात पेशीच्या पटलापासून होते हा विचार बराच जुना. कॅलिफोर्नियातल्या जेम्स लायन्स यांनी १९७३ मध्ये तो सविस्तर मांडला. पटल स्निग्धाम्लांचं (फॅटी ॲसिडचं) बनलेलं असतं, आणि प्रत्येक स्निग्धाम्ल वेगळ्या तापमानाला घट्ट होतं: पामिटिक आम्ल ६३ अंशांना वितळतं, ओलेइक सुमारे १३ ला, लिनोलेइक उणे ५ ला, लिनोलेनिक उणे ११ ला. फरक रेणूतल्या दुहेरी बंधांचा. बंध जास्त, तर रेणू वाकडा, आणि वाकडे रेणू एकमेकांना घट्ट बिलगू शकत नाहीत. वहिनींना हे सांगताना मी खोबरेलाची बाटली पुढे केली. डिसेंबरच्या पहाटे ती गोठते, शेंगदाण्याचं तेल गोठत नाही. पुढचं त्यांनीच म्हटलं, "म्हणजे वांग्यात खोबरेल जास्त आणि गाजरात शेंगदाणा." ढोबळ आहे, पण दिशा बरोबर. प्रत्यक्षात पटलात अनेक स्निग्धाम्लांचं मिश्रण असतं आणि ते एकदम दगड होत नाही. त्याची लवचीकता जाते, त्यात बसवलेली प्रथिनं नीट काम करेनाशी होतात आणि पटल झिरपू लागतं.

हे मिश्रण कसं असावं ते जनुकं ठरवतात. स्निग्धाम्लांत दुहेरी बंध घालणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) डिसॅच्युरेज म्हणतात, त्यांची जनुकं फॅड या नावाने ओळखली जातात. हरितलवकातल्या एका पटल-स्निग्धाची पायाभरणी करणारं आणखी एक विकर आहे, त्याचं नाव जीपॅट. काही झाडांतलं जीपॅट निवडक असतं, वाकडं ओलेइक उचलतं. काहींतलं हाताला येईल ते घेतं, सरळ पामिटिकसुद्धा. जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. त्यांनी तंबाखूच्या काही झाडांत भोपळ्याच्या जातीतल्या स्क्वॅशचं जीपॅट जनुक घातलं, काहींत मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिसचं. स्क्वॅशचं जनुक मिळालेला तंबाखू थंडीला हळवा झाला, अरॅबिडोप्सिसचं मिळालेला अधिक सोशिक. झाड तेच, पेरणी तीच, बदललं होतं एक जनुक. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, तंबाखूतच एक फॅड जनुक वाढवूनही थंडी सोसण्याची ताकद वाढल्याचं दिसलं.

हे प्रयोग जिवंत झाडाच्या पानांवरचे, उजेडातले. अंधाऱ्या खोलीत, क्रेटमध्ये पडलेल्या वांग्याला ते जसेच्या तसे लागू करणं मला पटत नाही. पण दिशा त्यांनी पक्की केली: थंडीचा सोशिकपणा वारशात येतो आणि त्या वारशाचा काही भाग एकेका जनुकापर्यंत शोधता येतो.

दुसरी साखळी प्रतिसादाची. १९९७ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकल थॉमाशो यांच्या प्रयोगशाळेने अरॅबिडोप्सिसमध्ये सीबीएफ नावाचं जनुक वेगळं केलं. थंडी लागल्यावर साधारण पंधरा मिनिटांत ते जागं होतं आणि आपल्या ताब्यातली शेकडो जनुकं चालू करतं. ती पटल बदलतात, साखर साठवतात, प्रथिनांना आधार देतात. दिवस-दोन दिवसांत झाड थंडीसाठी तयार. अरॅबिडोप्सिस हे फ्लॉवर-कोबीचं चुलत भावंड आहे, त्यामुळे बेळगावच्या फ्लॉवरने ती खोली आरामात काढली याचं नवल नाही.

मग वांग्याच्या कुळात सीबीएफ नाही का? इथे गोष्ट जरा मजेदार आहे. टोमॅटो वांग्याचा जवळचा नातेवाईक. त्याच्यात सीबीएफ आहे, थंडीत ते जागंही होतं. थॉमाशो यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की टोमॅटोचं सीबीएफ अरॅबिडोप्सिसमध्ये वाढवलं तर तिथे ते व्यवस्थित काम करतं. पण टोमॅटोत त्याच्या ताब्यात असलेल्या जनुकांचा गोतावळा फारच लहान. तरी तो निरुपयोगी नाही. २०१८ मध्ये क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राने टोमॅटोतलं सीबीएफ-१ मोडलं, तेव्हा झाडं थंडीला आणखी हळवी झाली. म्हणजे या कुळाकडे प्रतिसाद आहे, तोकडा आहे. हा तोकडेपणा ध्यानात ठेवला की लाईटचं कोडं सुटतं.

कोड्याकडे वळण्याआधी बियांच्या काळेपणाचं सांगून टाकतो, कारण हॉटेलवाल्याला तोच सगळ्यात खटकला होता. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं आणि ते पेशीच्या रसकोषात बंद असतं. त्याला तपकिरी करणारं पीपीओ हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पटल झिरपलं की दोघांची गाठ पडते. २०२० मध्ये इटली-स्पेनच्या संशोधकांनी क्रिस्परने वांग्यातली तीन पीपीओ जनुकं बंद केली आणि चिरलेलं वांगं कमी काळं पडू लागलं. स्वयंपाकघरासाठी छान. साठवणीसाठी मला ते धोक्याचं वाटतं: पटल फुटलेलंच राहणार, फक्त फुटल्याची खूण दिसणार नाही.

अशी न दिसणारी इजा टोमॅटोत तर रोज होते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने २०१६ मध्ये टोमॅटो आठवडाभर पाच अंशांवर ठेवून मग दिवसभर उबेत काढले. साखर आणि आम्ल जिथल्या तिथे, पण वासाची संयुगं बनवणारी जनुकं मंदावलेली, आणि त्यातल्या काहींच्या डीएनएवर मेथिलच्या, म्हणजे जनुक दाबून ठेवणाऱ्या रासायनिक, खुणा वाढलेल्या. उबेत आणूनही गेलेली चव पुरती परतली नाही. आपल्याकडच्या फ्रिजमधल्या टोमॅटोची सार पाणचट का लागते, याचं हे उत्तर. फ्रिजमध्ये टोमॅटो ठेवणाऱ्या माझ्या घरच्यांना ते अजून मान्य नाही.

आता लाईट. वहिनींच्या खोलीत तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र नव्हतं, म्हणून एका रात्री भरलेल्या खोलीचं मशीन मुद्दाम बंद ठेवलं. भाजीची स्वतःची ऊब आणि पातळ झालेली जुनी दाराची रबरी पट्टी यांमुळे पहाटेपर्यंत आत तेरा अंश झाले. ट्रान्सफॉर्मर बिघडला होता त्या आठवड्यात हेच दर रात्री-दोन रात्रींनी घडत होतं. दिवसभर चार, मध्येच काही तास बारा-तेरा. काढणीपश्चात शास्त्रात हा उपाय म्हणूनच नोंदलेला आहे, त्याला अधूनमधून ऊब देणं म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्रयोगांत अडीच अंशांवरच्या काकड्यांना दर तीन दिवसांनी १८ तास साडेबारा अंशांची ऊब दिली, तेव्हा सलग थंडीतल्या काकड्यांपेक्षा त्या कितीतरी कमी बिघडल्या.

त्या उबेच्या तासांत पेशीला दुरुस्तीची संधी मिळते. थंडीत साठलेले घातक ऑक्सिजन-रेणू निवळतात, त्यांना निवळणाऱ्या कॅटलेजसारख्या विकरांना काम करता येतं, डिसॅच्युरेज पटलात वाकडी स्निग्धाम्लं भरतात. जनुक चालू होणं आणि त्याचं काम पुरं होणं यांत अंतर असतं. चार अंशांवर वांग्याची यंत्रणा जागी होते पण तिची कामं रखडतात. तेराला ती उरकता येतात. तोकड्या प्रतिसादाला ट्रान्सफॉर्मरने नकळत वेळ मिळवून दिला. नवा ट्रान्सफॉर्मर आला आणि ही सुट्टी बंद झाली.

हे ऐकून गटातली एक तरुण बाई लगेच म्हणाली, "मग रोज रात्री मशीन बंद ठेवूया, बिलही वाचेल." बिल वाचेल, पण इजा एकदा पुढे गेली की ऊब उलट ती लवकर उघडी पाडते, आणि दर वेळी थंड भाजीवर दव धरतं, त्यावर बुरशी येते. शिवाय शेजारच्या फ्लॉवरला ही ऊब नको असते. अपघाताने जमलेलं रोजच्या कामात जमेलच असं नाही. चारवर ठेवून उपाय शोधण्यापेक्षा चार सोडणं सोपं होतं.

तरी आम्ही पडताळून पाहिलं. एकाच सकाळी तोडलेली दोन्ही प्रकारची वांगी आणि भेंडी वाटून कोल्ड रूम अकरावर, घरचा फ्रिज चारवर आणि ओसरी, अशा तीन ठिकाणी ठेवली. ओसरीवरची लवकरच सुरकुतली, पण खळगे नाहीत. अकरा अंशांतली आठवड्यानंतर बाहेर काढूनही विकण्याजोगी. फ्रिजमधली आत असताना सुंदर, बाहेर एका दिवसात खळगे. फ्रिजमधल्या गावठी वांग्याला संकरितापेक्षा जास्त लागलं.

या शेवटच्या वाक्यावर गटात बराच वाद झाला. गावठीच कमजोर, असा निष्कर्ष काढायची घाई काहींना होती. वांग्याच्या प्रकारांत सोशिकपणा वेगवेगळा असतो हे खरं. पाच अंशांवर गोल जाड अमेरिकन वांग्यात आठवडाभरात खळगे दिसू लागतात, लांबट चिनी वांग्यात त्यानंतर काही दिवसांनी. हा फरक जनुकांचाच. पण आमच्या क्रेटांतलं गावठी वांगं आकाराने मोठं होतं, सालीला पातळ होतं आणि तोडलं होतं थोडं वेगळ्या वयाचं. वय आणि सालीचा जाडपणाही इजेवर परिणाम करतात. तीन क्रेटांवर वाणाचं भवितव्य ठरवू नये, विशेषतः ज्या आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे त्याच्या भावंडाचं तर नाहीच. हे वांगं कापांसाठी आणि भरीतासाठी निवडलं गेलं, चवीच्या परीक्षेत ते केव्हाच उत्तीर्ण झालं आहे. कोल्ड रूमच्या परीक्षेला त्याला कुणी बसवलंच नव्हतं.

मग थंडी सोसणारं बियाणं आणून प्रश्न सुटेल? फ्रिजवाल्यानेही हेच विचारलं. साठवणीसाठी पैदास होऊच शकत नाही असं नाही. बटाटा थंडीत गोड होतो, कारण व्हॅक्युओलर इन्व्हर्टेज साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं आणि तळल्यावर काप काळे पडतात. त्यावर आपल्याकडे १९९८ मध्ये कुफ्री चिप्सोना वाणं आली, कमी साखरेसाठी मुद्दाम निवडलेली, आणि २०१० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ते इन्व्हर्टेज जनुकच दाबून दाखवलं. बटाट्यामागे चिप्सचे कारखाने उभे होते. वांग्यामागे तसं कुणी नाही. आपल्याकडे वांग्याची पैदास झाली ती मर रोग आणि शेंडे-फळं पोखरणारी अळी यांच्याविरुद्ध. गोव्याच्या आम्लधर्मी जमिनीत मर रोगच मोठा, आणि जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्याला दाद न देणारी वाणं काढली, हे इथल्या शेतकऱ्याला जास्त उपयोगाचं. बाहेरचं जनुक घातलेल्या वांग्याचा रस्ता २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली तेव्हापासून बंदच आहे. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाला २०२२ मध्ये केंद्राने काही नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये त्यातून भाताची दोन वाणं जाहीर झाली. वांग्याचा नंबर लागेल तेव्हा लागेल, वहिनींचा ३१ डिसेंबर दरवर्षी येतो.

जनुक बदलता येत नसेल तर ते जागं तरी करता येतं का? येतं. इस्रायलच्या वोल्कानी संस्थेतल्या सुसान लुरी यांनी १९९० च्या दशकात टोमॅटो आधी ३८ अंशांच्या गरम हवेत दोन-तीन दिवस ठेवले आणि मग दोन अंशांवर. गरमीत उष्माघात-प्रथिनांची जनुकं चालू झाली, ती प्रथिनं थंडीतही टिकून राहिली आणि जोवर ती टिकली तोवर टोमॅटोला इजा कमी झाली. एका संकटाची तयारी दुसऱ्याला उपयोगी पडली. शास्त्र म्हणून सुरेख, पण सत्तरीत मी ते सुचवलं नाही. तीन दिवस ३८ अंश आणि भरपूर दमटपणा एकसारखा राखायचा तर दुसरी खोली हवी, नाहीतर वांगी भरिताआधीच कोमेजतील. त्यापेक्षा पायरीने थंड करणं गटाच्या आवाक्यातलं: तोडा सकाळी लवकर, सावलीत ऊब उतरू द्यायची, एक रात्र पंधरा-सोळा अंशांच्या एसी खोलीत, मग अकरावर.

ठरलं ते एवढंच. थर्मोस्टॅट अकरावर, आणि त्यावर चिकटपट्टी, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण "थोडं थंड करू" म्हणून हात लावतो. पंख्यासमोर तीन फुटांत काही नाही. क्रेटला आतून छिद्रांचा प्लास्टिक कागद, वर ओलं पिळलेलं पोतं, म्हणजे दमटपणा टिकतो आणि खळगे बसतात ते पाणी उडून, त्याला थोडा आळा बसतो. भेंडीला खरं तर सात ते दहा चाललं असतं, पण दोन खोल्या नाहीत, तेव्हा भेंडीने वांग्याचं ऐकायचं. तिला तसेही आठवड्यावर ठेवू नये, ती श्वास फार वेगाने घेते. टोमॅटो आणि केळी आत न्यायची नाहीत. फ्लॉवर, कोबी, गाजर साठवायचंच नाही: अकरावर त्यांचं आयुष्य कमी होतं, तेव्हा बेळगावची गाडी ३० तारखेलाच बोलवायची आणि माल उतरवून तसाच किनाऱ्याकडे पाठवायचा.

मार्चमध्ये लग्नसराईच्या ऑर्डरीला हा बंदोबस्त पहिल्यांदा लागला. एक क्रेट काकडी परत आली, तीही टेम्पोत दबल्यामुळे. वांगं एकही नाही. विजेचं बिल थोडं उतरलं, आणि गटाच्या बैठकीत इजेपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

वहिनींना मात्र गावठी बियाण्याचा विचार सोडवत नव्हता. फ्रिजमध्येही काही गावठी वांगी कमी बिघडली होती, त्यांचं बी राखलं तर? विचार चांगला आहे, पण साठवलेल्या वांग्याचं बी कोवळं असतं, ते उगवत नाही. करायचं तर झाडागणिक करावं लागेल. झाडाला खूण बांधायची, त्याची दोन-तीन फळं थंडीत घालून पाहायची आणि त्याच झाडावर एक फळ बियाण्यासाठी पिवळं होईपर्यंत ठेवायचं. आई कोण, हेही पाहावं लागेल. काकडीच्या चिपर नावाच्या अमेरिकन वाणात रोपांचा थंडी सोसण्याचा गुण बापाकडून येतच नाही, तो हरितलवकाच्या डीएनएतून आईकडून येतो. वांग्यात तसं असेलच असं नाही, पण खूण बांधताना कुठल्या झाडावरचं फळ आहे एवढं तरी कळायला हवं. यंदा तीन मळ्यांत मिळून काही झाडांना खुणा बांधल्या आहेत, आणि वहिनींनी घरचा जुना फ्रिज त्यासाठी वेगळा काढला आहे. त्याचा थर्मोस्टॅट चारवरच आहे, मुद्दाम.